मावशींना कचऱ्यातली सुई टोचली आणि सर म्हणतात रजिस्टरला 'निरंक' लिहा, काय करू?

रातपाळी_सिस्टर

नमस्कार, बरेच महिने इथे नुसतं वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन दोन वर्षं झाली, तालुक्याच्या गावात १५ कॉटच्या एका नर्सिंग होमला आहे. नाव लिहीत नाही, गावात दवाखाने चारच, लगेच ओळखतील.

झालं असं की काल सकाळी साडेसातला माझी नाइट संपत आली होती आणि सफाईच्या मावशी जनरल वॉर्डातली काळी पिशवी बांधत होत्या. आमच्याकडे पिशवी भरली की सगळेच ती वरून हाताने दाबतात आणि मग गाठ मारतात. तशी दाबली आणि "आई गं" करून हात मागे घेतला. ग्लोव्ह होता पण साधा पातळ, तोही त्यांच्या हाताला एक नंबर मोठा, बोटांची टोकं लोंबत असतात. अंगठ्याच्या खाली तळहाताला टिपका, रक्त आलं. मी पिशवी उलटी केली तर कापसाच्या बोळ्यांत गुंडाळलेली इन्सुलिनची सिरिंज, टोपण नाही. कोणाची ते कळायला मार्गच नाही. त्या रात्री शुगरचे चार पेशंट होते, शिवाय एका आजोबांचा मुलगा घरून इन्सुलिन आणून स्वतःच टोचत होता.

सर राउंडला आले तेव्हा सांगितलं. म्हणाले पिळून रक्त काढा, डेटॉल लावा, टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) द्या, एवढं काय त्यात, मला आयुष्यात पन्नास वेळा टोचलीय. टीटी मी दिली आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

आता दुसरी गोष्ट. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलसाठी तपासणी आहे म्हणून चार दिवस मी फाइली बनवतेय. बनवतेय म्हणजे अक्षरशः बनवतेय. ट्रेनिंगचं रजिस्टर जानेवारीपासूनचं लिहायचंय, एकाच पेनाने लिहिलं तर कळेल म्हणून दोन निळी आणि एक काळं अशी पेनं घेऊन बसलेय. जे ट्रेनिंग झालंच नाही त्याच्यावर मावशींच्या सह्या घेतल्या, त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाच्या. आणि अपघाताच्या नोंदवहीत सर म्हणतात सरळ निरंक लिहा, कालचं लिहिलं तर मागचं का नाही लिहिलं म्हणून विचारतील. खाली सही माझी.

तर सुई टोचल्याचं लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे का आणि उद्या काही निघालं तर निरंकखाली सही करणारी मी अडकणार का? मावशींना कावीळ बी ची लस झालेली नाही, मी विचारलं तर म्हणाल्या "कोरोनाची दोन घेतली की". नऊ हजारावर आहेत, कुठे बोलू नको म्हणून उलट माझ्याच हातापाया पडतात. आता लिहितेय तोवर २६ तास होऊन गेलेत.

जुनी_इन्चार्ज

अगं बाई, रजिस्टरचं काय घेऊन बसलीस, आधी मावशींना घेऊन जिल्हा रुग्णालयात जा, आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या. एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देतात ते) किंवा आयसीटीसी (एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करतात ते) विचार, दोन्ही बंद असतील तर कॅज्युअल्टीत सांग की पीईपी हवंय. एचआयव्ही लागू नये म्हणून जी गोळी देतात ती दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, पण ७२ तासांपर्यंत देतात, त्यानंतर उपयोग नाही. रोज एक गोळी, २८ दिवस, सरकारीत फुकट. द्यायची की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. इन्सुलिनची सुई बारीक असते, कातडीखालची असते, रक्त फारसं नसतं, त्यामुळे ते कदाचित नको पण म्हणतील. पण ते त्यांनी म्हणायचं, तुझ्या सरांनी डेटॉलची बाटली हातात घेऊन नाही.

आणि पिळायचं नाही गं! हे अजून किती वर्षं सांगायचं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस. पिळायचं नाही, डेटॉल नाही, स्पिरिट नाही, बोट तोंडात तर अजिबात नाही.

खरं सांगू का, मला इथे एचआयव्हीपेक्षा काविळीची धास्ती जास्त आहे. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर एचआयव्ही लागायची शक्यता हजारात तीन, हिपॅटायटिस सी शंभरात दोनच्या आसपास, आणि बी ची, लस झालेली नसेल तर, शंभरात सहापासून तीसपर्यंत. म्हणजे ज्याच्यावर लस आहे तेच सगळ्यात सहज लागतं, आणि लस नेमकी कचरा उचलणाऱ्या बाईला दिलेली नसते. सिस्टरांना देतात, डॉक्टरांनी स्वतः घेतलेली असते, मावशी यादीतच नसतात. तिथे गेलीस की लसीचा पहिला डोस आजच द्या म्हण, पुढचे एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पण विचार, ते २४ तासांत देणं चांगलं पण सात दिवसांपर्यंत चालतं. सरकारचा हिपॅटायटिसचा कार्यक्रम आहे, टोचलेल्या स्टाफला त्यात मिळतं.

मावशींच्या रक्ताची तपासणी पण आजच होऊ दे, एचआयव्ही, बी, सी तिन्ही. नाहीतर सहा महिन्यांनी काही निघालं तर म्हणतील हिला आधीपासूनच होतं. त्यांना विचारून, समजावून, आणि रिपोर्ट त्यांच्या हातात. सरांच्या टेबलावर नाही.

मला ९६ साली टोचली होती, ओटीत, सुचरिंगची सुई. पीईपी हे नावसुद्धा आम्ही ऐकलेलं नव्हतं. मेट्रनला सांगितलं तर म्हणाली लक्ष कुठे होतं तुझं. सहा महिने मी मुलीला कुशीत घेऊन झोपले नाही. काही झालं नाही मला, पण ते सहा महिने कोणी भरून दिले नाहीत. निघ आता.

कायद्याचं_बोला

सिस्टर तुम्ही मोठ्या अडचणीत आहात. सुई टोचली की २४ तासांच्या आत एमपीसीबीला (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला) फॉर्म १ मध्ये रिपोर्ट पाठवावा लागतो. ते तास संपले. सही तुमची म्हणजे गुन्हा तुमच्यावर.

लाल_पिशवी

मी कचऱ्याच्या गाडीवर हेल्पर आहे, म्हणजे दवाखान्याच्या कचऱ्याच्या, घंटागाडी वेगळी. मराठी चुकली तर माफी.

सिस्टर तुमची जी काळी पिशवी आहे ना ती आमच्या गाडीत येतच नाही. आम्ही पिवळी लाल उचलतो, पांढरा डबा निळा डबा उचलतो, बारकोड मारतो वजन करतो निघतो. काळी जाते नगरपालिकेच्या गाडीत. म्हणजे मावशीला टोचली नसती तर घंटागाडीवाल्याला टोचली असती, त्याला नाही तर डेपोवर प्लास्टिक वेचणाऱ्या पोरांना. त्यांना तर कोण सिस्टर पण नाही जिल्ह्याला न्यायला.

दवाखान्यात चार रंगाचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, लॅमिनेशन करून, तपासणीला फोटो निघतो. खाली बघितलं तर पिवळ्या पिशवीत चहाचे कप, नारळाची करवंटी. लाल पिशवीत सुईसकट सिरिंज. लाल म्हणजे सलाईनची नळी, युरिनची पिशवी, ग्लोव्ह, सुई कापलेली सिरिंज. सुई लालमध्ये नाही पिवळ्यात नाही, सुई फक्त पांढऱ्या कडक डब्यात, पाऊण भरला की झाकण बंद, परत उघडायचा नाही. बऱ्याच ठिकाणी पांढरा डबा म्हणून बिसलेरीची बाटली कापून ठेवतात, ती हातात धरली की सुया बाजूने बाहेर आलेल्या असतात. मला दोनदा टोचलीय. आम्हाला कंपनीने लस दिली म्हणून निवांत आहे.

अजून एक, इन्सुलिनच्या सिरिंजची सुई बुडाशी पक्की असते, कटरमध्ये नीट बसत नाही म्हणून लोक कापसात गुंडाळून टाकतात. कापू नका, टोपण लावू नका, अख्खी पांढऱ्या डब्यात टाका. आणि पिशवी दाबू नका हो. दाबल्याने जागा किती वाचते?

१५_कॉटवाला

मी डॉक्टर आहे, तुमच्या सरांसारखाच छोटा दवाखाना चालवतो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीनेच लिहितोय.

आधी वरच्या वकीलसाहेबांचं. अर्धं वाचून लोकांना घाबरवू नका. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमात २४ तासांत फॉर्म १ लागतो तो मोठ्या अपघाताला, म्हणजे कचऱ्याची गाडी उलटली, कचरा नदीत गेला असल्या गोष्टींना. मोठ्या अपघाताच्या व्याख्येतूनच सुई टोचणं वगळलंय. पण वगळलंय म्हणजे सोडून दिलंय असं नाही. बाकीचे सगळे अपघात वार्षिक अहवालात द्यायचे असतात, फॉर्म ४, दरवर्षी ३० जूनच्या आत. त्यात रकानेच आहेत, किती अपघात झाले, किती लोकांना बाधा झाली, काय उपाय केला. तेव्हा लिहायचंच आहे, आणि जबाबदारी ऑक्युपायरची, म्हणजे दवाखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याची, नोकरीवरच्या सिस्टरची नाही. तरीपण खोट्या नोंदीखाली सही करू नका. सरांना म्हणा तुम्हीच करा सही, बघा पेन उचलतात का.

त्याच नियमात कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस, कामाला लागताना आणि दरवर्षी ट्रेनिंग, कामाला लागताना आणि दरवर्षी आरोग्य तपासणी असं सगळं आहे. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू, त्यात तर लागण होण्यासारखं काम असेल तिथे काळजीची साधनं, ट्रेनिंग आणि पीईपी मालकाने द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. मावशींची तपासणी त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही हेही त्यातच.

आता आमची बाजू. एमपीसीबीचं ऑथरायझेशन, नर्सिंग होम रजिस्ट्रेशन, फायर, सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी, एक्सरे असेल तर एईआरबी, लिफ्ट, प्रत्येकाची फाइल वेगळी आणि प्रत्येकाचा साहेब वेगळा. येणारा माणूस वॉर्डात जात नाही, केबिनमध्ये बसून फाइल मागतो. मग आम्हीही फाइलच चांगली ठेवायला शिकलो. माझ्याकडेही तीन वर्षं निरंक होतं. एकदा माझ्या कंपाउंडरने सहज बोलता बोलता सांगितलं की सर मला या वर्षात तीनदा टोचली. त्या दिवशी हिशोब घातला तेव्हा लाज वाटली, सगळ्या स्टाफच्या लसीचा खर्च माझ्या एका रविवारच्या हॉटेलच्या बिलाएवढा होता. आता वर्षाला चारपाच नोंदी असतात माझ्या रजिस्टरला. तपासणीवाले उलट खूश होतात, म्हणतात हे खरं वाटतंय. १५ कॉटच्या दवाखान्यात वर्षभर एकही सुई टोचली नाही यावर कोणाचा विश्वास बसतो?

सर आयुष्यात पन्नास वेळा टोचली म्हणतात ना, त्यांना हळूच विचारा त्यांनी लस घेतली होती का. घेतलेली असणार.

भंडाऱ्याकडचा

मी आग विझवायच्या सिलिंडरच्या मेंटेनन्सचं काम करतो, सुईचं मला काही कळत नाही, पण निरंक वाचलं आन राहवलं नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० लेकरं गेली, ७ वाचवली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयूत ११ जण गेले. आता तर सगळे ऑडिट करून घेऊन राहिले, पण कसं करतात ते मी रोज बघतो. २००६ च्या महाराष्ट्राच्या फायरच्या कायद्यात वर्षातून दोनदा, जानेवारी आन जुलैत, लायसन्सवाल्या एजन्सीकडून सगळं चालू आहे असा बी फॉर्म द्यायचा असतो. एका दवाखान्यात गेलो तं म्हणे तुम्ही फॉर्म द्या, सिलिंडर बघायची काय गरज, मागच्या वेळचेच आहेत. बघितलं तं एक सिलिंडर दाराला अडसर म्हणून लावलेला, दार आपटू नये म्हणून. काटा लाल पट्ट्यात. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप, का तर कुत्रे येतात आन पेशंटचे नातेवाईक बिल न भरता जातात.

रातपाळी ताई, तुमच्या दवाखान्यात मागचं दार आहे का, आन रात्री त्याची चावी कोणाजवळ असते? बघून ठेवा तेवढं. विषयाबाहेर झालं असल तं सोडून द्या.

जुनी_इन्चार्ज

विषयाबाहेर कसलं, एकच विषय आहे. पण पोरगी गेली का जिल्ह्याला ते कळू दे आधी.

रातपाळी_सिस्टर

गेले होते. परवा तुमचं वाचलं आणि मावशींना घरून उचललं, एसटीने दीड तास, दीडच्या सुमाराला पोचलो म्हणजे ३० तास झाले. मला वाटलं होतं रांगेत उभं करतील, दहा प्रश्न विचारतील, पण आयसीटीसीच्या काउन्सेलर मॅडमनी दार लावून घेतलं, मावशींना आधी पाणी दिलं आणि सगळं मराठीत, मावशींना कळेल असं समजावलं. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह. सुई कोणाची ते माहीत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पहिली तिथेच समोर घ्यायला लावली. काविळीची लस एका दंडावर, आणि ते दुसरं इंजेक्शन स्टोअरमधून आणवून वेगळ्या जागी दिलं. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत तपासणी.

मॅडम म्हणाल्या तोवर नवऱ्याबरोबर निरोध वापरायचा. मावशी इतक्या हसल्या, म्हणाल्या तो तीन वर्षं झाली सुरतेला आहे, फोन पण करत नाही. दिवसभरात तेवढंच हसणं झालं.

गोळ्यांचा डबा घरी नेत नाहीत. मुलगा दहावीला आहे, इंग्रजी वाचतो, डब्यावरचं नाव मोबाइलवर टाकून बघेल म्हणतात. म्हणून डबा ड्यूटी रूममध्ये माझ्या लॉकरला आहे, रोज सकाळी आठला आल्या की पहिली गोळी मग झाडू. घरी सांगितलंय रक्तवाढीच्या आहेत. रविवारी सुट्टी असली तरी गोळीसाठी येतात. कालपासून थोडी मळमळ आहे.

नोंद केली मी. तारीख, वेळ, जागा, कुठल्या पिशवीत, काय होतं, काय केलं. सरांना दाखवली. आधी आवाज चढला, मला न विचारता जिल्ह्याला कशी गेलीस, गावभर होईल. मी काही बोलले नाही, डॉक्टरसाहेबांचा (१५ कॉटवाले) तो फॉर्म ४ चा मुद्दा मोबाइलवर उघडून समोर ठेवला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला असावा, मोबाइल परत दिला आणि केबिनमध्ये गेले. संध्याकाळी मेडिकलवाल्याला चार पांढरे डबे सांगितले आणि जाता जाता मला म्हणाले तुझी लस पूर्ण आहे ना. माझे दोनच डोस झालेत, तिसरा राहिलाय, खोटं बोलणार होते, नाही बोलले. आता सगळ्यांची यादी करायला सांगितलीय, मावशी आणि वॉचमन मामा धरून सात जण.

जानेवारीपासूनच्या ट्रेनिंगचा विषय मात्र अजून तसाच आहे, त्यावर ते काही बोलत नाहीत. आणि हो दादा, मागचं दार आहे, चावी सरांच्या घरी असते.

भंडाऱ्याकडचा

घरी??

जुनी_इन्चार्ज

शाब्बास पोरी. मळमळ होईल थोडे दिवस, जेवून गोळी घ्यायला सांग, सकाळी उपाशी येत असतील त्या. उलटी झाली किंवा अंगावर पुरळ आलं तर सेंटरला फोन कर, मनाने बंद करू नका.

ट्रेनिंगचं असं कर. शनिवारी दुपारी जेवणानंतर एक तास खरंच घे. तक्ता वगैरे नको, सरळ चार बादल्या ठेव, ट्रेमध्ये सुई, सिरिंज, सलाईनचा सेट, ड्रेसिंग, फुटलेलं अँप्यूल ठेव आणि प्रत्येकाला टाकायला लाव. सर पण येऊ देत, त्यांनाच पहिलं टाकायला लाव, गंमत येते. मग त्या शनिवारची तारीख घाल आणि सह्या घे. आधीची पानं फाडू नकोस आणि व्हाइटनर लावू नकोस, तिरपी रेघ मारून 'प्रशिक्षण झाले नाही' लिही आणि सरांची सही माग. देतील की नाही माहीत नाही, माग तरी.

घरून इन्सुलिन आणणाऱ्या नातेवाइकांना पण कॉटपाशी डबा दाखवून ठेव, नाहीतर सगळं करून सुई परत कापसातच जाईल.

१५_कॉटवाला

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. फाइल तयार झाली की मागच्या दाराला आतून उघडणारी कडी बसवून घ्या म्हणावं, ते पेशंटचं बिल बुडायचं ते पुढच्या दारातूनही बुडतं.

रातपाळी_सिस्टर

सांगते. एक शेवटचं, मावशी विचारतायत की जाड ग्लोव्ह लहान साइजचे मिळतात का, दुकानदार म्हणतो एकच साइज येते.

लाल_पिशवी

येतात साइज. सफाईचे जाड रबरी, कोपरापर्यंत येतात ते मागा. मावशीचा हात कागदावर ठेवून पेनने आखून घ्या आणि तो कागद घेऊन जिल्ह्याच्या दुकानात जा, गावातल्याकडे नका जाऊ, त्याच्याकडे मोठेच पडून आहेत.